आईची बुगडी

सोनारानेच कान टोचावेत, अशी आपल्यात म्हण आहे. ज्याचे काम त्याने करावे, कानउघाडणी योग्य माणसाने केली तरच ती लागू पडते, असा तिचा रोजच्या वापरातला अर्थ. आमच्या घरात मात्र ही म्हण एकतीस वर्षे कोणी उच्चारली नाही. १९६२ साली एका सोनाराने माझ्या आईचा कान टोचला आणि १९९३ साली आई गेली, तोपर्यंत त्या कानाविषयी बोलायचे नाही असा घरातला अलिखित नियम होता. आज मी सत्तरी ओलांडली आहे. महाविद्यालयात संस्कृत शिकवण्यात उमर गेली, आणि त्या निमित्ताने जुन्या पोथ्यांत, छापील ग्रंथांत कानाविषयी जे सापडले ते आईच्या कानाशी ताडून पाहण्याची सवय लागली. तोच हा हिशेब.

आमचे घर भोपाळला जवाहर चौकात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूर हे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे गाव राहिले नाही. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला गेली, आणि तिच्यामागोमाग फायली, टंकलेखन यंत्रे आणि कारकुनांची बिऱ्हाडेही गेली. त्यांतले एक आमचे. सरकारने या मंडळींसाठी वसाहत बांधली तिला नाव दिले तात्या टोपे नगर. लोकांच्या तोंडी टी. टी. नगर. येवल्याचा तात्या, शिवपुरीला १८ एप्रिल १८५९ रोजी फाशी गेला, आणि शंभर वर्षांच्या आत त्याच्या नावाच्या वस्तीत आम्ही नागपूरकर हिंदी शिकू लागलो. सीमेवर राहणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. तुमच्याकडे सीमा गावाजवळून गेली. आमच्याकडे ती उंबऱ्यावरून गेली. आत 'कान टोचणे', बाहेर 'कनछेदन'. कानडी मुलखातल्या वाचकांच्या शेजारणी 'किवी चुच्चुवुदु' म्हणत असतील. सुई एकच.

मी नऊ वर्षांची असताना आजीने ठरवले की पोरीचे नाक टोचायचे. कान बारशालाच टोचले होते. आईने त्याच वेळी दबकत विचारले, की तिला माहेरहून मिळालेल्या बुगड्या वर्षानुवर्षे डब्यात पडून आहेत, तर कानाचा वरचा भागही टोचून घ्यावा का. बुगडी म्हणजे कानाच्या वरच्या कडेला घालायचा मोत्यांचा दागिना, हे आजच्या मुलींना सांगावे लागते. आजी म्हणाली, "घे टोचून. तुझ्या आईची आठवण आहे."

सोनार वस्तीतलाच होता. दुकान म्हणजे एक ओटा, एक शेगडी आणि भिंतीला टांगलेला तराजू. त्याने प्रथम माझे नाक टोचले. मी रडले, त्याने हातावर बत्तासा ठेवला. मग आईचा कान हातात घेऊन त्याने वरची कड दोन बोटांत दाबून पाहिली आणि म्हणाला, "बहनजी, ऊपर की हड्डी कच्ची है। ऊपर मत छिदवाइए, पक जाएगा।" आई हसली आणि म्हणाली, "कर दीजिए भैया, बहुत दिन की इच्छा है।" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की आज डावा टोचतो, तो बरा झाला की उजव्याला या. सोन्याची बारीक तार घातली, वर हळद आणि खोबरेल लावले, आणि आम्ही चालत घरी आलो. आजी तेव्हा ओट्याखाली चपला सांभाळत उभी होती. सोनाराचे बोलणे तिने ऐकले नाही. मी ऐकले.

* * *

माझ्या नाकपुडीशी आठवड्याभरात लाल मांसाचा बारीक दाणा आला, थोडी लस आली, आणि महिन्याभरात तो बसला. मागे राहिला काळा डाग. आजीने त्यावर लिंबू चोळले. मी लिंबू लावून उन्हातून शाळेत जाई आणि डाग अधिकच काळा होई. शेवटी आजी कंटाळली, लिंबू थांबले, आणि वर्षभरात डाग आपोआप फिका होऊन गेला.

आईचे तसे झाले नाही. कान पहिल्यांदा सुजला, पिकला, मग बरा झाल्यासारखा दिसला. तीनचार महिन्यांनी भोकाच्या मागच्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ आली. गुळगुळीत, तकतकीत, कातडीपेक्षा गडद. खाज सुटे. आजीच्या भाषेत ते आवाळू. बुगडी काढून टाकली तरी ते वाढत राहिले. दोन वर्षांनी एका डॉक्टरांनी ते कापून टाके घातले. आम्ही सगळे सुटकेचा श्वास टाकून बसलो. वर्षाच्या आत ते परत आले, आणि आता ते सुपारीएवढे होते.

घरात दोष कोणाला द्यायचा ते पहिल्याच महिन्यात ठरून गेले होते. आजी म्हणाली, "इकडच्या सोनाराला काय कळतंय! नागपूरला इतवारीत टोचला असता तर ही पाळी आली नसती." बाबा सहसा आजीच्या हो ला हो करीत नसत, पण यावेळी केले. आम्ही त्या ओट्याकडे जाणे सोडले. वस्तीतल्या इतर मराठी घरांनीही सोडले. एका बिऱ्हाडाचा अनुभव साऱ्या चाळीचा होतो. पलीकडच्या भाषेचा माणूस दोषासाठी नेहमी हाताशी असतो. त्याने दिलेला इशारा आईला माहीत होता आणि मला माहीत होता. आई बोलली नाही, कारण हौस तिची होती. मी बोलले नाही, कारण आई बोलली नाही.

त्यानंतर आईने डोक्यावरून पदर घेतला तो कायमचा. भोपाळात बायकांनी डोक्यावर पदर घेणे नवे नव्हते, म्हणून शेजारी कोणी विचारले नाही. नागपूरहून येणाऱ्या मावश्या मात्र हसत, "ताई अगदी इकडचीच होऊन गेली बघ!" आई तेही ऐकून घेई. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत आईचा डावा कान नाही.

* * *

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काढलेली, यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता मी प्रथम पाहिली ती कामापुरती, एका शब्दाचा अर्थ लावण्यासाठी. सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय उघडला आणि कामाचे विसरून गेले. तो पूर्ण अध्यायच कान टोचण्याचा आणि फाटलेला कान जोडण्याचा आहे.

सुश्रुताने सांगितलेली रीत अशी. मूल सहाव्या किंवा सातव्या महिन्याचे असावे. पक्ष शुक्ल असावा. मुलाला मांडीवर घेऊन खेळण्याने रमवावे. वैद्याने डाव्या हाताने कान ताणावा आणि उन्हाकडे धरून पाहावे. जिथून प्रकाश आरपार दिसतो ती जागा निसर्गानेच टोचण्यासाठी सोडलेली आहे. पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरी. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. मग भोकात कापसाची वात घालून तेल सोडायचे, आणि दर तीन दिवसांनी वात थोडी जाड करायची. माझ्या सोनाराने आईचा डावा कान आधी का धरला, ते मला तेव्हा समजले. त्याने सुश्रुत वाचला नव्हता. त्याच्या बापाने त्याला तसे शिकवले असणार.

पुढचा भाग मी दोनतीनदा वाचला. चुकीच्या जागी टोचले तर काय होते हेही तिथे आहे. रक्त फार आले, वेदना फार झाली, तर जागा चुकली असे समजावे. कानात तीन शिरा सांगितल्या आहेत, कालिका, मर्मरिका आणि लोहितिका. पहिलीला इजा झाली तर ताप, दाह, सूज. तिसरीला झाली तर मान आखडणे आणि झटके. आज ते वर्णन वाचून धनुर्वाताची आठवण येते. आणि मधलीला, मर्मरिकेला इजा झाली तर वेदना, ताप आणि गाठी. ग्रंथि हाच शब्द आहे. सुश्रुताला जी गाठ दिसली ती आईच्याच जातीची होती असा दावा मी करणार नाही. पिकलेल्या कानातही गाठ येते. पण टोचल्यानंतर कानाला गाठ येते, ही गोष्ट वैद्यकाच्या अगदी जुन्या ग्रंथात नोंदलेली आहे. भोपाळच्या पाण्याने किंवा भोपाळच्या सोनाराने ती निर्माण केली नव्हती.

असे झाल्यास वात काढून घ्यावी, ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठ, जव आणि तीळ यांचा लेप मधतुपात कालवून लावावा, आणि पूर्ण बरे झाल्यावरच पुन्हा टोचावे असे तो सांगतो. आधी थांबा, मग पुढचे पाहा, हा त्यातला सल्ला मला औषधापेक्षा मोलाचा वाटतो.

त्या काळी पाळी वाढवून मोठाले दागिने घालायची पद्धत होती, त्यामुळे पाळ्या फाटत. आपल्या बायका जड दागिन्याचा भार केसांवर घेण्यासाठी कानाला वेल लावतात, तो याच अनुभवातून. फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती सुश्रुताने नावानिशी दिल्या आहेत. त्यांतली एक गंडकर्ण: गालाचे मांस एका बाजूने जोडलेलेच ठेवून वळवायचे आणि त्याची पाळी करायची. पाठोपाठ त्याच अध्यायात गालाच्या कातडीने कापलेले नाक करण्याची रीत येते. शरीराचा गेलेला भाग त्याच शरीराच्या कातडीने भरून काढण्याची जी शस्त्रक्रिया आज जगभर चालते, तिची आपल्याकडची सुरुवात दागिन्याने फाटलेल्या कानाजवळ आहे.

नाक टोचण्याविषयी मात्र सुश्रुतात काही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३० च्या दशकात नथीच्या प्राचीनतेवर लेख लिहून दाखवले, की जुन्या संस्कृत वाङ्मयात नाकातल्या दागिन्याचा उल्लेख सापडत नाही. तो बराच नंतरचा, साधारण पहिल्या सहस्रकाच्या अखेरीनंतरचा. आमच्या भोपाळकरांना हे ताडून पाहायला फार दूर जावे लागत नाही. सांचीच्या तोरणांवरच्या यक्षी जवळच आहेत. कानांत मोठमोठी कुंडले, हातभर बांगड्या, आणि नाक मोकळे. ज्या नथीला आपण मराठीपणाची खूण मानतो तिचे नाक टोचणे कान टोचण्यापुढे कालचे पोर आहे.

* * *

डागाचे काय? तेही सुश्रुताने सोडले नाही. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात जखमेवरचे साठ उपक्रम आहेत. जखम भरल्यानंतरही वैद्याचे काम संपत नाही असे त्यात गृहीत आहे. वर आलेला वण खाली बसवणे, खोल गेलेला वर आणणे, वणावर केस उगवणे, आणि रंग जुळवणे. पांढऱ्या वणाला काळा करायचा ते कृष्णकर्म. काळ्या वणाला उजळ करायचा ते पांडुकर्म. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटले, की जखम भरली तरी रंग जुळला नाही तर माणूस पुरा बरा झालेला नाही. आई जिवंत असताना मी हे तिला वाचून दाखवायला हवे होते.

पण या कृती आज घरी करून पाहू नयेत. कृष्णकर्मात बिबा आहे, आणि बिबा उतला की कातडी कशी भाजते हे आपल्या आज्यांना चांगले ठाऊक होते. कोवळ्या वणावर बिब्याचे तेल म्हणजे वणावर वण. लिंबाचेही तसेच. लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर त्वचा भाजून काळी पडते, हे आज त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. माझ्या नाकावर आजीने तोच प्रयोग केला होता. आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी सूज आली की जोरात कामाला लागतात. सूज उतरली की त्यांनी टाकलेला रंग काही महिन्यांत, कधी वर्षभरात, हळूहळू ओसरतो. त्याला ऊन लागू न देणे आणि त्याला न चोळणे, हा निम्मा उपचार आहे.

काळेपणाचे दुसरे कारण धातू. खोट्या दागिन्यांत निकेल असते आणि ते पुष्कळांना सोसत नाही. पाळी खाजते, लसते, खरखरीत होऊन काळवंडते. युरोपात १९९४ साली निकेलवर निर्बंध घालणारा नियम झाला. आपल्याकडे सोनार पहिली तार सोन्याचीच घालायचा आग्रह धरी, त्यात त्याचा धंदा होता तसा शहाणपणाही होता. डाग घालवण्यासाठी गोरेपणाची मलमे चोळण्याची आज मोठी खोड आहे. त्यांतल्या कित्येकांत स्टिरॉइड असते. कातडी पातळ होते, मुरुम येतात, मलम सोडले की डाग दुणावतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. चिठ्ठी मागायची की नाही, हे मात्र अजून गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यावरच आहे.

* * *

आता पुण्याची गोष्ट. कावसजी नावाचा एक मराठा कुणबी, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा, १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. सुटून आल्यावर साधारण वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याचे नाक नवे केले. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, यांनी ते पाहिले. पेशव्यांच्या दरबारी चित्रे काढणारा जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकिकत छापली गेली, आणि तिकडच्या वैद्यांचे डोळे उघडले. पुढे कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. हे पुष्कळांना ठाऊक असते. मला त्या हकिकतीतल्या दोन बारीक गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, कातडी कपाळाची होती. मेणाचा पातळ पत्रा करून नाकाच्या मापाचा बेतला, तो कपाळावर पसरून रेघ मारली, कातडी सोडवली, आणि दोन भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून ती खाली वळवली. पट्टीतून रक्त येत राहिले म्हणून कातडी जगली. साधारण पंचविसाव्या दिवशी पट्टी कापली. चेहऱ्याचीच कातडी चेहऱ्यावर आली म्हणून रंग जुळला. दुसरी, टाके नव्हते. कापडाच्या पट्ट्यांवर काथ पाण्यात मऊ करून लावला होता आणि त्या एकावर एक चिकटवल्या होत्या. विड्याच्या पानावर लावतो तोच काथ. जवाहर चौकात पानाच्या टपरीवर तांब्याच्या भांड्यात तो ढवळलेला मी रोज पाहत होते. तो रक्त आणि लस सुकवतो, कातडी आवळून धरतो. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवली.

हा कारागीर विटा करणाऱ्या जातीचा होता असे त्या हकिकतीत लिहिले आहे. त्याचे नाव कोणी लिहिले नाही. इंग्रज डॉक्टरांची नावे राहिली, रोग्याचे राहिले, चित्रकाराचे राहिले. ज्याच्या हाताला ते आले त्याचे राहिले नाही. हे वाचताना मला टी. टी. नगरातला ओटा आठवला. त्या सोनाराचे नावही आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. 'तो सोनार' एवढेच.

* * *

आईच्या गाठीला नाव मिळाले ते फ्रान्समध्ये. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी १८०६ साली अशा गाठींचे वर्णन केले. प्रथम त्यांना ती कर्करोगासारखी वाटली आणि त्यांनी तसे नाव दिले. ती कर्करोग नव्हे हे लक्षात आल्यावर खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरून नवे नाव घडवले, तेच आजचे कीलॉइड. नांगी का, तर गाठ कडेने पाय पसरते.

साधा जाड वण आणि कीलॉइड यांत फरक आहे. साधा वण जखमेच्या हद्दीत राहतो आणि काळाने बसतो. कीलॉइड जखमेची हद्द ओलांडून निरोगी कातडीत शिरतो आणि बसत नाही. जखम भरताना शरीर कोलॅजन नावाचा धागा विणते; काम झाले की विणणे थांबते. काही माणसांत ते थांबण्याचा निरोप पोचत नाही. हा स्वभाव घराण्यातून येऊ शकतो, सावळ्या कातडीत जास्त दिसतो, आणि दहा ते तीस या वयात जास्त जोर धरतो. कान, छाती आणि खांदा या त्याच्या आवडत्या जागा. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत असे दिसले, की ज्यांना हा त्रास होतो त्यांच्यात अकराव्या वर्षानंतर कान टोचलेल्यांना तो कितीतरी जास्त झाला होता. सुश्रुताचा सहावा-सातवा महिना आणि बारशाचा आपला मुहूर्त यांना हा आधार मिळतो.

आता माझा आणि आईचा हिशेब मांडता येतो. सुई एक, हात एक, हळद एक, दिवस एक. मी नऊ वर्षांची, आई अठ्ठावीस वर्षांची. माझ्या नाकाला दाणा आला आणि डाग राहिला. तो सुजेचा डाग होता आणि तो गेला. आईची जागा कानाची वरची कड. तिथल्या कूर्चेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती पिकली की लवकर बरी होत नाही. सोनार म्हणाला होता तेच, "हड्डी कच्ची है।" आणि त्याच्या खाली तिच्या कातडीचा स्वभाव. यात हाताचा दोष कुठे नव्हता.

कापण्याचा दोषही पूर्णपणे त्या डॉक्टरांवर टाकता येत नाही. नुसता कीलॉइड कापला तर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळा तो परत येतो, हे आज सर्वमान्य आहे. १९६४ मध्ये लहान दवाखान्यात ते किती जणांना माहीत होते? गाठीत ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत परदेशात त्याच दशकात सुरू झाली. आज साधारण महिन्याच्या अंतराने अशी इंजेक्शने देतात. गाठ मऊ होते, खाज थांबते. त्याने कातडी तिथे पांढुरकी पडू शकते, म्हणून ते जाणत्या हातानेच व्हावे. १९८० च्या दशकापासून सिलिकॉनची पातळ पट्टी वणावर रोज बराच वेळ, महिनोन् महिने ठेवतात. द्रव नत्राने गोठवतात. कापायचेच झाले तर कापल्यावर लगेच इंजेक्शन किंवा किरणोपचार जोडून देतात, आणि कानाला दाब देणारी चाप कित्येक महिने घालायला सांगतात. मुख्य सूत्र एकच: एकटी सुरी नको. आणि नवी गाठ दिसताच जावे, सुपारी होईपर्यंत थांबू नये.

* * *

गेल्या वर्षी माझी सोळा वर्षांची नात म्हणाली, "आजी, मला कानाला वरती टोचायचंय. सगळ्या मैत्रिणींनी केलंय." मी तिच्या दंडावरचा बीसीजीचा वण पाहिला. तो वर आलेला आहे, तकतकीत. तिच्या आईचाही तसाच आहे. आम्ही कधी त्याकडे लक्ष दिले नव्हते.

मी तिला जवळ बसवून १९६२ ची सगळी हकिकत सांगितली. सोनार काय म्हणाला होता तेही सांगितले. तिच्या आईने, माझ्या मुलीने, ते पहिल्यांदाच ऐकले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे पणजी त्याला उगाचच शिव्या देत होती?"

हो, उगाचच. आणि मी ते साठ वर्षे माहीत असून बोलले नाही. टी. टी. नगरातली बरीच जुनी सरकारी घरे स्मार्ट सिटीच्या कामात पाडली गेली. त्यात आमचे क्वार्टरही गेले. ओटा तर त्याआधीच गेला होता. त्या माणसाकडे जाऊन "भैया, आपने सही कहा था" एवढे चार शब्द सांगायची सोय राहिली नाही. म्हणून ते इथे लिहिते.

नातीला मी मनाई केली नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून ये आणि मग ठरव म्हटले. डॉक्टरांनी दंड पाहिला, घरातला इतिहास विचारला, आणि पाळीचे आहे ते असू दे पण वरची कड टोचू नको असे सांगितले. ती दोन दिवस फुरंगटून बसली. तिसऱ्या दिवशी माझ्या कपाटातून आईचा डबा काढून तिने बुगड्या बाहेर काढल्या. दोन्ही. उजवी तर कधी घातलीच गेली नव्हती. ती त्या घेऊन जुन्या भोपाळातल्या सराफ्यात गेली, फिरकी काढून दोन्हींना चाप बसवून आणला, आणि दिवाळीत घालून मिरवली.

मी तिला म्हटले, "फार घट्ट नाही ना लागत?"

"नाही," ती म्हणाली. "आजी, फोटो काढ ना. डावीकडून काढ."